चंदेरी लव

गॅलरीला काचा बसल्या त्याच आठवड्यात मला चक्कर आली. मुलाने सरकत्या काचांना कुलूप घालून किल्ली खिशात टाकली.

"पाचवा मजला आहे, बाबा. तुम्हाला वाकून बघायची खोड. आणि खाली एकट्याने उतरायचं नाही."

आत उरलो मी आणि पत्नीने लावलेली कुंडी. सशाच्या कानांसारखी मऊ, चंदेरी पाने. तिने हे झाड सात उन्हाळे जगवले होते. आठवा काचेआड आला आणि रोज दोन-तीन पाने काळी पडून लिबलिबीत होऊ लागली.

मी दोन तापमापके शेजारी टांगली व एकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळली. हवा कोरडी असली की चिंधीवाला पारा बराच उतरतो. येथे फरक एका अंशाचा, म्हणजे हवा दमट. त्यात दोरीवर ओले कपडे. मी कुजकी पाने कापली, मातीत निम्मी जाड वाळू मिसळली, बुंध्याभोवती खडी पसरली. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच बुडाशी पाणी. तरीही कूज थांबेना.

चौथ्या सकाळी कारण सापडले. सूनबाई ओल्या फडक्याने एकेक पान पुसत होती.

"अगं, हे काय?"

"धूळ किती बसलीय, बाबा! महिनाभर पुसतेय, हटत म्हणून नाही."

"धूळ नाही ती. लव आहे पानाची. पाणी तिच्यात अडकतं आणि पान कुजतं."

तिचा हात तिथेच थांबला. "आईंचं झाड म्हणून मी... आणि मीच मारत होते की!"

"निम्मी चूक तुझी, निम्मी काचेची. किल्ली दे."

"ती ह्यांच्याकडे. मागायला गेले तर मलाच बोलणी बसतील."

संध्याकाळी मीच मागितली. "विषाची परीक्षा कशाला, बाबा? पंखा लावू," मुलगा म्हणाला. पंखा लागला. कोंडलेली हवा त्याने इमानाने ढवळली. बाहेर मात्र काढली नाही.

आठवड्याने एकच कोंब धड उरला. त्या दिवशी लिफ्टचा मिस्त्री दुरुस्तीला आला होता. त्याचे दुकान समोरच, रस्त्यापलीकडे. पुढे उघड्यावर बुटकी भिंत. मी कुंडी त्याच्या हाती दिली, सोबत अनुक्रमांक घालून लिहिलेला कागद.

"आजोबा, लिफ्टलासुद्धा एवढे नियम नसतात हो!"

"पहिला नियम पाठ करा. पुसायचं नाही."

"बरं. येत जा बघायला. चार पावलांवर तर आहे."

मी मान हलवली. सूनबाईने दाराकडे पाहिले आणि कुंडीखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली.

त्याला आता तीन आठवडे झाले. पहाटे काचांवर आतून वाफ धरते. चहा ठेवण्याआधी सूनबाई तेच फडके घेऊन येते आणि माझ्या खुर्चीसमोरची काच पुसते.

"भिंतीवरचं झाड दिसतंय का, बाबा?"

"दिसतंय. दोन नवी पानं असावीत."

काच अकरा मिनिटे स्वच्छ राहते. मी वेळ मोजून पाहिली आहे.