मधल्या पाण्यात

भिंतीवर चिकटवलेला तो चौकटींचा कागद... पोस्टकार्डाएवढा, मधोमध एक काळा ठिपका. एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्यानं त्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा सरळ दिसल्या तर ठीक. डाव्या डोळ्याच्या मधोमध कधीपासूनच नुसता धुरकट डाग होता, म्हणून सगळी भिस्त उजव्यावर. काल त्या उजव्याला खालच्या कोपऱ्यातली एक रेघ किंचित वाकलेली दिसली होती. आज तिच्या शेजारचीही — पाण्यात बुडवलेल्या काठीसारखी मोडलेली. सुहासिनीनं डोळा मिटला, पुन्हा उघडला. रेघ मोडलेलीच.

"आज काय म्हणतो कागद?" आतून जयंतनं विचारलं.

"आणखी एक वाकली."

एरवी त्याला काहीतरी थट्टा सुचली असती. आज तो उठून चहा टाकायला गेला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की इंजेक्शनं देत राहू, नजर कदाचित टिकेल, कदाचित नाही, आत्ता काही सांगता येत नाही. सांगता येत नाही... एकदाची गेली म्हणाल्या असत्या तर ती पांढरी काठी धरायला शिकली असती. पण आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईला फळ्यावर पुढची ओळ कोणती येणार हे ठाऊक असायची सवय असते. पहाटेपासून ती तेच मागत होती. प्रभू, आता आहे तिथेच थांबव. किनाऱ्याला लाव मला.

ही वडिलांची प्रार्थना. नगरकडच्या एका लहान मंडळीचे ते पाळक. जेवणाआधी प्रत्येक मुलानं एक वचन म्हटल्याशिवाय ताट पुढे यायचं नाही, आणि सगळ्यांचं झालं की ते डोळे मिटून म्हणायचे, आमची नाव किनाऱ्याला लाव. कोरड्या मुलखातला माणूस... उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसणारा गाव. नाव त्यांनी चित्रातच पाहिली असणार.

इकडे, या बांगला बोलणाऱ्या शहरात, महिन्यातून एका रविवारी सुहासिनी आणि जयंतच्या गार्डन रीचच्या नदीकाठच्या घरी मराठी उपासना असे. चार-पाच घरं, कुणी डमडमहून येई, कुणी फोर्ट विल्यमहून. रेल्वेतून निवृत्त झालेला जयंत मोठ्यांची प्रार्थना चालवी, आणि सुहासिनी आतल्या खोलीत मुलं घेऊन बसे. आजचा धडा सरोवरातल्या वादळाचा होता. नाव पाण्यानं भरते आहे, शिष्य घाबरून ओरडताहेत, आणि येशू मागे उशीवर डोकं ठेवून झोपलेला. गोष्ट तिला पाठच होती. नेहमीसारखी तिनं फळ्यावर खडूनं नाव काढली, किनारा काढला, किनाऱ्यावर सुरक्षिततेचं एक घर काढलं, आणि मुलं हसू लागली.

"आजी, तुमची नाव तर छपरावर चढली," आभा म्हणाली. नऊ वर्षांची, डमडमची, घरात मराठी आणि बाहेर बांगला बोलणारी.

"मोठी लाट होती, बाळ," सुहासिनी म्हणाली, आणि स्वतःही हसली, पण तिला ती नाव किनाऱ्यालाच लागलेली दिसत होती.

भाद्रपदातली अमावस्या नुकतीच झाली होती आणि दुपारी नदीला बान येणार होता. भरतीचं पाणी समुद्राकडून भिंतीसारखं उभं राहून वर चढतं, त्याला इथे बान म्हणतात. मुलांनी हट्टच धरला, म्हणून जेवणं आटोपल्यावर ती आणि जयंत त्यांना घाटावर घेऊन गेले. नदी खाली उतरली होती, चिखल उघडा पडला होता, आणि वाराही थांबल्यासारखा. तेवढ्यात खालच्या अंगाला कुणीतरी बान, बान असं ओरडलं आणि ती हाक एका घाटावरून दुसऱ्या घाटावर धावत आली.

होडीवाले भराभर दोर सोडू लागले.

"अरे, हे कुठे चालले?" आभानं तिचा हात घट्ट धरला. "किनारा इकडे आहे ना?"

"मधल्या पाण्यात चालले. बान काठावर फुटतो. बांधून ठेवलेली होडी पायऱ्यांवर आपटून फुटते. मध्ये खोल असतं, तिथे लाट नुसती खालून जाते..."

ती बोलता बोलता थांबली. जयंतची नोकरी इथे लागल्यापासून हे तिला माहीत होतं. दर वर्षी पाहत होती. तरी फळ्यावर घर काढत राहिली, किनाऱ्यावर, अगदी लाट फुटते तिथे... आणि पहाटेपासून मागत काय होते मी?

मग आवाज आला. आधी दूरवर मालगाडी पुलावरून जावी तसा, मग जवळ, मग सगळीकडे. तिनं मान जराशी वळवली, कारण सरळ पाहिलं की पुसट व्हायचं आणि कडेनं पाहिलं की दिसायचं. आणि त्या कडेला, काठाकाठानं, पांढरा फेस फुटत, उसळत, पायऱ्या गिळत येताना दिसला. मुलं किंचाळत वर पळाली. पाणी तिच्या घोट्यांपर्यंत चढलं. आणि तिकडे मध्यावर फेस नव्हताच — अख्खी नदी एकदाच, सावकाश, झोपलेल्या माणसाची छाती वर यावी तशी वर आली, होड्यांना उचललं, आणि खाली ठेवलं.

धड्यातला येशू झोपला होता. वादळाला दटावून गप्प केलं, तो चमत्कार, असंच ती आजवर शिकवत आली. मुलांना तेच आवडतं. पण त्याच्या आधी, पाणी आत येत असताना, तो त्याच नावेत, त्याच पाण्यावर, निवांत झोपला होता. किनाऱ्यावर उभा राहून या, या, असं बोलावत नव्हता. मधल्या पाण्यात होता. तिचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांना दिसत होतं तेही दिसेनासं झालं... आणि तरीही ती घाबरली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"आजी, त्यांना भीती नाही वाटत?" आभा परत येऊन तिला चिकटली होती.

"वाटत असेल," ती म्हणाली. "वाटतेच. तरी दोर सोडतात."

जयंत वरून हाका मारत होता, साडी भिजली, चल आता. ती हलली नाही. इंजेक्शनाचं काय होईल हे तिला सकाळी ठाऊक नव्हतं, आताही नव्हतं; पण त्या ठाऊक नसण्याला आता तळ लागत नव्हता, खूप खोल होतं ते, आणि त्या खोलीवर काहीतरी तिला अलगद धरून होतं. कुठला ठिपका होडीचा आणि कुठला लाटेचा, हे तिला ओळखू येत नव्हतं. ती बघत राहिली.