दहा माळांची वाट

इनेझने बांद्र्याच्या चर्चमधल्या मोत माउलीशी केलेला करार सरळ होता, आणि सत्तावीस वर्षांत दोन्ही बाजूंनी तो पाळला होता.

कीथ अडीच वर्षांचा झाला तरी पाय टाकत नव्हता. बसल्या बसल्या घसरत घरभर फिरायचा आणि वाटेतली लादी पुसून काढायचा. डॉक्टर म्हणायचे, चालेल की, घाई काय आहे? घाई इनेझला होती. तिने बोलून टाकलं : हा चालला, तर दर वर्षी सणाला मरोळहून बांद्र्याच्या डोंगरीवर तुझ्याकडे पायी येईन. बस नाही, रिक्षा नाही. महिन्याभरात कीथ उठून चालला. शेजारणी म्हणाल्या, तसाही चालला असता गं. म्हणोत. नवस शेजारणींना बोललेला नव्हता.

तेव्हापासून इनेझ एकही वर्ष चुकली नाही. एका वर्षी अंगात ताप होता, एका वर्षी सासू जाऊन पंधरा दिवस झाले होते, एका वर्षी नव्या चपलांनी दोन्ही टाचा सोलल्या होत्या. तिचा नवरा पॉल दर वर्षी बसने पुढे जायचा आणि तळलेल्या गोडसर फुग्यांचा डबा नि पाण्याची बाटली घेऊन पायऱ्यांपाशी तिची वाट बघत उभा राहायचा. म्हणजे सोबत केल्याचं पुण्य अर्धं आणि घाम शून्य. साकीनाक्याच्या एका लेथ मशीनच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर असलेल्या माणसाला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही.

आणि आता अठ्ठाविसावं वर्ष आलं होतं, ते करोनाचं. चर्चला कुलूप, जत्रा रद्द. भरीला मरोळ गावठाणातल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आठ दिवसांपूर्वी बांबू बांधलेले, कारण कोपऱ्यावरच्या घरात एक पेशंट सापडला होता. आणि कीथ, ज्याच्या पायांसाठी हे सगळं सुरू झालं, तो मनिलाजवळ समुद्रात नांगर टाकून बसलेल्या मालवाहू जहाजावर. त्याचा करार एप्रिलमध्येच संपला होता, पण कुठलंही बंदर त्याला उतरू देत नव्हतं. सात महिने त्याचा पाय जमिनीला लागला नव्हता.

"याच वर्षी मी गेले नाही, तर ती काय समजेल?" इनेझने पॉलला विचारलं.

"कोण?"

"माउली, अजून कोण?"

"अगं, तिला पण माहीत असेल ना लॉकडाऊन. तिचंच दार बंद आहे."

"दार तिचं बंद आहे. माझे पाय चालू आहेत."

वादात अडला की पॉल मोजपट्टी काढायचा.

त्यांच्या ओट्यासमोर एक लहानसा चौक होता आणि चौकात क्रूस होता. पणज्यांच्या काळात प्लेगची साथ आली, तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी तो उभा केला होता. पायथ्याशी खोदलेलं साल चुन्याच्या थरांखाली अर्धं बुजलं होतं. पॉलने ओट्यापासून निघून, क्रुसाला वळसा घालून, परत ओट्यापर्यंत पट्टी धरली. बावीस मीटर. दर वर्षीचा रस्ता अकरा किलोमीटर. कागद न घेता त्याने सांगितलं, "पाचशे फेऱ्या."

"पाचशे मी मोजू कशी? प्रार्थना म्हणू की आकडे म्हणू?"

"आकडे माझ्याकडे दे. तू रोजरी हातात घे. एक फेरी, एक मणी, एक प्रार्थना. माळ पूर्ण झाली की मला ओरडून सांग, मी भिंतीवर खडूने रेघ मारतो. दहा रेघा झाल्या की तू बांद्र्याला."

छत्तीस वर्षांच्या संसारात इनेझने पॉलच्या पुष्कळ गोष्टींवर शंका घेतली होती. गुणाकारावर कधी घेतली नव्हती.

सणाच्या दिवशी पहाटे साडेपाचला ती निघाली. निघाली म्हणजे ओट्यावरून उतरली. ठेवणीतली निळी साडी, केसांत अबोली, पायांत मऊ झालेल्या जुन्या चपला. पॉल ओट्यावर खुर्ची टाकून बसला. कानामागे पेन्सिल होती. खडूचं काम असलं तरी पेन्सिल लागतेच, स्टोअरची सवय.

पहिल्या दोन माळा मजेत गेल्या. तिसऱ्या रेघेला पॉल बस कंडक्टरच्या सुरात ओरडला, "सहार! सहारवाले उतरून घ्या!" पाचवीला म्हणाला, "पार्ला! चहा घेणार काय, बाई?" तिने चालता चालताच चहा घेतला आणि कप त्याच्या हातात कोंबला. थांबायचं नाही, हा तिचा नियम. गुडघा सहाव्या माळेला बोलू लागला आणि सातव्या माळेला शिव्या देऊ लागला. पाच महिने घरात बसलेला गुडघा तो. त्याला मार्चमध्ये कोणी सांगितलं होतं, की सप्टेंबरात काम निघणार आहे?

चौकाच्या चारी बाजूंच्या खिडक्यांत मास्क लावलेली डोकी जमली. एरवी इनेझ निघायची तेव्हा सगळे झोपलेले असायचे. सत्तावीस वर्षांत गल्लीने तिला चालताना पहिल्यांदाच पाहिलं. पलीकडच्या ॲश्लीने वरून विचारलं, "आंटी, कुठे पोचलात?"

"सांताक्रूझ."

"ट्रॅफिक आहे काय?"

"तुझ्यासारखे चार उभे आहेत मधे," इनेझ म्हणाली, आणि नमो मरिया पुन्हा पहिल्यापासून धरली.

आठवी रेघ पडली. "खार!" पॉल म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज थट्टेचा नव्हता. तिची चाल त्याला दिसत होती. तो उठून ओट्याच्या कडेशी उभा राहिला. दर वर्षी पायऱ्यांपाशी उभा राहायचा, अगदी तसाच.

नववी माळ अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात बांबूखालून वाकून सपना आत आली. सपना महापालिकेची आरोग्यसेविका, विक्रोळीहून यायची. निळा गाऊन, चेहऱ्यावर प्लास्टिकची काच, गळ्यात ताप बघायचं यंत्र, खिशात ऑक्सिमीटर. आठ दिवसांत तिने गल्लीतल्या साठीवरच्या सगळ्यांची बोटं पाठ केली होती.

"आंटी, थांबा. काय चाललंय हे?"

"बांद्र्याला चाललेय."

"आधी बोट द्या." तिने इनेझचं बोट चिमट्यात धरलं. "ऑक्सिजन शहाण्णव. पण नाडी बघा, एकशे बत्तीस! बसा पहिले."

"अजून दीडेक माळ आहे गं. मग बसतेच."

सपनाने श्वास सोडला. काच धुरकटली. "आंटी, नाडीचं सोडा. समोरच्या माडीवरच्या मार्तंडचा रिपोर्ट आलाय. पॉझिटिव्ह. चौक बंद करायचाय. फवारणीवाले मागेच उभे आहेत. सगळे आत, आत्ता. उद्या सगळ्यांचे स्वॅब, मग पुढचं बघू."

"उद्या सण नसतो, सपना."

"मला कळतं हो. पण तुम्ही चाललात, की वरचे पाच जण पण खाली उतरणार."

इनेझने हातातल्या माळेकडे बघितलं. अंगठा एकतिसाव्या मण्यावर होता. तो तिने तिथेच दाबून धरला, जणू सोडला तर एवढंही निसटेल. मग ओट्यावर चढून खुर्चीत बसली. फवारणीवाले आले, क्रुसाभोवती लाल-पांढरी पट्टी बांधली, आणि तिने पहाटेपासून तुडवलेल्या वर्तुळावर औषधाचा उग्र वासाचा फवारा मारून निघून गेले.

ती रडली नाही. रडली असती तर पॉलला काहीतरी करता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "खारला राहिले रे. सत्तावीस वर्षं डोंगरीवर गेले, आणि ज्या वर्षी कीथला पाय टेकायला जमीन नाही, त्याच वर्षी खारला राहिले."

पॉलने चष्मा पुसला. तो पुसायची गरज नव्हती. "चारशे एकतीस झाल्या. फक्त एकोणसत्तर राहिल्या. एवढ्या तर माउली..."

"स्टोअरमध्ये एकोणसत्तर बोल्ट कमी आले, तर तू सही करायचास?"

करायचा नाही, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

सपना ओट्याखाली उभी राहून रजिस्टर भरत होती. अपराधी वाटलेलं माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतं, तसं तिने विचारलं, "आंटी, तुमची माळ पण एकशे आठचीच असते ना? आमच्या मजल्यावरच्या काकूंची असते."

"छे," पॉल म्हणाला. "आमची पन्नासची. पाच दशकं, एकेकात दहा मणी. दहा पंचे पन्नास."

इनेझने मान वर केली. "किती म्हणालास?"

"पन्नास."

"पॉल, रोजरीत पन्नास मणी असतात, हे तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे? पाच दशकं असतात ना?"

"पाच दशकं असतात. आणि दशकांच्या मधले चार मोठे मणी, ते काय शोभेचे? आणि खाली क्रूस लोंबतो, त्याच्या वरच्या दोरीतले पाच? ते कोण म्हणणार, तुझा स्टोअर मॅनेजर?"

"तू त्या मण्यांना पण फेरी मारलीस?"

"तूच म्हणालास ना, एक मणी एक फेरी! मोठ्या मण्याला 'हे आमच्या बापा' म्हणत गेले, बारक्याला 'नमो मरिया'. एकही मणी सोडला नाही मी."

पॉलने माळ तिच्या हातातून अलगद घेतली. एकतिसावा मणी मात्र तिने सोडला नाही. तिथे तिचा अंगठा आणि बाकीच्या माळेवर त्याचं बोट, असं दोघांनी मिळून मोजलं. एकोणसाठ. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा एकोणसाठ. चौतीस वर्षांत एक वॉशर इकडचा तिकडे होऊ न देणाऱ्या माणसाच्या घरात, उशाजवळच्या खिळ्यावर रोज टांगलेल्या मालातले नऊ नग त्याला ठाऊक नव्हते. कारण उघड होतं. लग्नानंतर अख्खी रोजरी त्याने एकदाही म्हटली नव्हती. तिसऱ्या दशकाला त्याचं घोरणं सुरू व्हायचं.

कानामागची पेन्सिल अखेर कामाला आली. सपनाने रजिस्टरचा मागचा कोरा कागद फाडून दिला.

"एकोणसाठ आठे..." पॉल पुटपुटला. "चारशे बहात्तर. अधिक एकतीस." तो थांबला. पुन्हा बेरीज केली, या वेळी खालून वर. "पाचशे तीन."

त्याने पेन्सिल परत कानामागे खोचली.

"इनेझ," तो म्हणाला, "तू खारला नव्हतीस गं. सपना आली तेव्हा तू वर पोचली होतीस. पोचून तीन फेऱ्या जास्त मारल्यास."

इनेझने कागद घेतला. आकडे तिने वाचले नाहीत, शेवटची ओळ तेवढी बघितली. मग तिचे खांदे खाली आले. पहाटेपासून, खरं तर मार्चपासून, ते कानांशी चिकटून बसले होते. आणि आता तिला रडू आलं, पोटभर, पदर तोंडाला लावून, मधेच हसत.

"नाडी!" सपना ओरडली. "आंटी, नाडी!"

"घे गं, बोट घे. दहाही घे."

नाडी एकशे दहावर उतरली होती. सपनाने ती रजिस्टरमध्ये लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं याचा विचार करून तो कोरा ठेवला. जाताना म्हणाली, "आमचे आजोबा सहा डिसेंबरला विक्रोळीहून चैत्यभूमीला चालत जायचे. यंदा सगळ्यांना घरूनच अभिवादन करा म्हणाले, तर आईला सांगते. आमच्या गच्चीच्या फेऱ्या बसतील."

"मोजायला यांना नेऊ नकोस," इनेझ म्हणाली.

दुपारी कीथचा फोन आला. चित्र अडकत होतं. मागे गंजलेली भिंत, दाढी वाढलेली. उतरायचं अजून काही ठरलं नव्हतं. एजंट म्हणतो पुढच्या आठवड्यात, आणि हे तो जूनपासून म्हणतोय. काल रात्रीपर्यंत हे ऐकून इनेझची झोप उडायची. आज तिने ते शांतपणे ऐकलं.

"मम्मी, तू चाललीस? कुठे? अकरा किलोमीटर? चौकात?"

"हो. माझ्याकडचं पूर्ण झालं बाळा. आता तिच्याकडचं राहिलंय. ती करेल. आजवर चुकली नाही."

"आणि डॅडी?"

"डॅडी नापास."

संध्याकाळी पाय कोमट मिठाच्या पाण्यात सोडून ती ओट्यावर बसली. चौकात लाल-पांढरी पट्टी हलत होती, तिच्या आत क्रूस उभा होता. शिक्षा ठरली होती : आज अख्खी रोजरी पॉलने म्हणायची, मोठ्याने. समोरच्या माडीवरून मार्तंडच्या खोकल्याचा आवाज आला, तेव्हा इनेझ म्हणाली, "जास्तीच्या तीन फेऱ्या त्याच्या नावावर टाक."

पॉलने कागदावर तशी नोंद केली. मग माळ घेतली, क्रुसाचं चुंबन घेतलं आणि सुरुवात केली. तिसऱ्या दशकाला घोरणं ऐकू आलं. पण ते इनेझचं होतं. पॉलने तिच्याकडे बघितलं, आवाज हळू केला आणि पुढचा मणी धरला.