गाडीचा खुबा

लोवेल प्रुइटच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सासऱ्यानं अजून एकदाही त्याला नावानं हाक मारली नव्हती. व्हर्लिन ओबरमायर त्याला ‘डीनाचा नवरा’ म्हणायचा. तेही तोंडावर. “डीनाच्या नवऱ्याला बटाटे वाढा गं कुणीतरी.” बटाटे समोरच असायचे. नवराही.

त्यामुळे खुबा बदलायला इस्पितळात जाताना म्हाताऱ्यानं आपल्या एकोणसत्तर सालच्या नारिंगी पाँटिॲक गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली, तेव्हा लोवेलला भरून आलं.

“आठवड्यातून एकदा चालू कर,” व्हर्लिन म्हणाला. “चालू कर म्हणालो. चालव नाही म्हणालो.”

लोवेलनं चालवली. बर्फाची पिशवी आणायला. रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावर पाय जरा जड पडला, चारी चाकं रुळांवरून अधांतरी गेली, आणि खाली आल्यावर पुढचं उजवं चाक रुसलेल्या पोरासारखं तोंड फिरवून उभं राहिलं. बर्फाला काही झालं नव्हतं.

म्हणजे तिकडे डॉक्टर सासऱ्याच्या खुब्यात नवा गोळा बसवत होते, आणि त्याच आठवड्यात इकडे लोवेल गाडीच्या. चाकालाही खुबा असतोच. वाटीत फिरणारा गोळा, त्याला बॉल जॉइंट म्हणतात. तो तुटला होता. चाक धरणारा खालचा लोखंडी आर्म केळ्यासारखा वाकला होता. फरक इतकाच, की व्हर्लिनला भूल दिली होती. लोवेल पूर्ण शुद्धीत होता. त्यानं नवा आर्म मिळवला, त्यात नवे बुश, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, बसवले, गाडी स्टँडवर चढवून सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले आणि जुना आर्म परसात पुरला. वर झेंडू लावला.

“हे काय?” डीनानं विचारलं.

“झेंडू.”

खोटं नव्हतं.

मिलर्स फोर्कच्या स्थापनादिनाच्या मिरवणुकीत ती गाडी दरवर्षी असायची. यंदा व्हर्लिननं मागच्या सीटवर वॉकर टाकला आणि म्हणाला, “तू चालव. मला अजून ब्रेक दाबायची परवानगी नाही.” लोवेलनं छाती पुढे काढली. म्हातारा बेतानं शेजारी टेकला.

किर्र्र.

व्हर्लिन थिजला. “हा माझा, का गाडीचा?”

लोवेलनं समोर पाहिलं. “तुमचाच असेल.”

बोलून गेला. पुढे प्रत्येक खड्ड्याला किर्र्र, आणि प्रत्येक किर्र्रला म्हाताऱ्याचा हात खुब्यावर. दुसरा हात तो लोकांकडे बघून हलवत होता, कारण मिरवणूक ती मिरवणूक. चेहरा पांढराफटक. “आवाज आला तर पुन्हा कापावं लागतं, डॉक्टर म्हणाले होते,” तो पुटपुटला. “डीनाला सांगू नकोस. रडेल.”

लोवेलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बँकेसमोर, भर मिरवणुकीत, त्यानं गाडी थांबवली.

“तुमचा नाही. गाडीचा आहे. मी ती फाटकावर उडवली. आर्म वाकला. तो झेंडूखाली आहे.”

 व्हर्लिननं आपल्या खुब्यावर हळूच थाप मारली, पोटच्या पोराला मारावी तशी.

“नवीन बुश आवळलेस तेव्हा चाकं हवेत होती?”

“हो.”

“गाढवा! चाक लटकलेलं असताना आवळलं की रबर तसंच धरून बसतं. मग गाडी टेकली की ते पिळतं आणि बोंबलतं. वजन टेकल्यावर आवळायचं असतं. इस्पितळातली व्यायामवाली पोरगी मला रोज तेच शिकवते. पाने डिकीत आहेत.”

“आत्ता? इथे?”

“मग काय बुश फाटायची वाट बघतोस?”

“बरं, तुम्ही उतरा तरी.”

“उतरू कसा? वजन कोण देणार?”

लोवेल इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात गाडीखाली सरपटला. मागे शाळेचा बँड जागच्या जागी पाय आपटत राहिला. त्याच्यामागे आगीचा बंब. बोल्ट सैल केले तशी गाडी उसासा टाकून बोटभर खाली बसली. फुटपाथवरची पोरं मिरवणुकीत मिळालेल्या गोड गोळ्या नेम धरून त्याच्या पायांवर मारत होती.

बँकेच्या पायऱ्यांवरून मिरवणुकीचं निवेदन करणाऱ्या मिसेस हॅगर्टीचा भोंगा घुमला. “व्हर्लिन, खाली कोण आहे रे?”

खिडकीची काच खाली गेल्याचं लोवेलला ऐकू आलं.

“लोवेल!” म्हातारा ओरडला. “लोवेल यूजीन प्रुइट! माझा जावई!”

“मंडळी,” भोंगा म्हणाला, “गाडीखाली आहेत लोवेल यूजीन प्रुइट, व्हर्लिनचे जावई!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँडनं झांज वाजवली.

बोल्ट केव्हाच आवळून झाले होते. लोवेल तरी आवळतच राहिला.