ओठांनी पुसलेला चेहरा

मी एक प्रार्थनापोथी आहे. काचेच्या पेटीत एकाच पानावर उघडी राहून माझी पाठ आता अवघडली आहे. बोलण्याचा मला सराव नाही. आजवर लोकच माझ्यातून बोलत आले. तरी आज माझे चार शब्द ऐका.

वासराच्या कोवळ्या कातड्यापासून माझी पाने झाली. इटलीतल्या फेरारा नगरीतील लिओनेल्ला या उमराव घराण्यातील स्त्रीच्या विवाहासाठी मला घडविले गेले. रिवाजाप्रमाणे एका पानावर आसनस्थ मरियामाता आणि समोरच्या पानावर गुडघे टेकलेली माझी मालकीण, अशी चित्रे जिरार्दो या चित्रकाराने रेखाटली. लिओनेल्लाचे नाक किंचित बाकदार होते. त्याने ते तसेच ठेवले, आणि तिला ते आवडले.

ती रोज पहाटे मरियामातेच्या पावलांवर ओठ टेकवी. दुसऱ्या बाळंतपणात ती अडली, तेव्हा तेथील चालीप्रमाणे सुइणीने मला तिच्या पोटावर उघडे ठेवले. त्या देहाची धग निवत गेलेली मी अनुभवली. माझ्याने काही झाले नाही.

मागे राहिली तिची लहानगी मुलगी, ताद्देआ. आईचा चेहरा आता जगात केवळ माझ्या पानावर उरला होता.

वर्ष सरले आणि व्हियोलांते ही ताद्देआच्या वडिलांची नवी पत्नी घरात आली. पोथी घरधनिणीची, म्हणून मी तिच्याकडे गेले. आणि पोथी जिची, चेहराही तिचाच हवा, म्हणून जिरार्दोला पुन्हा बोलावणे धाडले गेले.

“हे पोपटाचं नाक आधी खरवडून काढा, मास्तर,” व्हियोलांते म्हणाली.

“खरवडलं तर भोक पडेल, बाईसाहेब. कातडं पातळ आहे. वरूनच रंग देतो.”

“द्या. आणि हनुवटी नाजूक काढा. माझी नाही तितकी, पण काढा.”

“माझ्या आईला झाकू नका ना, बाईसाहेब!” दारातून ताद्देआ कळवळली.

“बाईसाहेब म्हणे! आई म्हणताना जीभ जड होते वाटतं?”

जिरार्दोने मान खाली घालून कुंचला उचलला.

त्यानंतर प्रार्थनेच्या वेळी मला धरण्याचे काम ताद्देआने मागून घेतले. व्हियोलांतेचे ओठ मातेच्या पावलांवर टेकत. ताद्देआ मात्र गुडघे टेकलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावर ओठ टेकवी. ओले, आणि क्षणभर अधिक.

“बघितलंस, ओर्सोला?” व्हियोलांते आपल्या वृद्ध दासीला म्हणाली. “पोर किती जीव लावते मला! मीच मेली उगाच टाकून बोलले.”

त्या दिवसापासून ती स्वतःच्या हाताने मुलीची वेणी घालू लागली. ताद्देआला त्या मायेची सवय झाली. तरीही तिचे ओठ थांबले नाहीत.

एका हिवाळी सकाळी व्हियोलांतेने मला स्वतःच खिडकीच्या उजेडात धरले. नाजूक हनुवटी विरून गेली होती, आणि रंगाखालून बाकदार नाक वर आले होते. आता माझी रवानगी चुलीत होणार, असे मला वाटले.

“हे नाक मी ओळखते,” ती म्हणाली. “म्हणजे इतके दिवस माझा नव्हे, हिचा मुका घेत होतीस.”

ताद्देआ रडू लागली.

“पुरे. सासरी जाताना पोथी घेऊन जा, आणि ओर्सोलालाही ने. आता इकडे ये, वेणी सुटलीय तुझी.”

मी सासरी गेले. आई परत मिळाली होती; परंतु ओठांना थांबणे ठाऊक नव्हते.

“आता आवर, बाळ,” ओर्सोला विनवी. “नाक गेलं. एक डोळा तेवढा राहिलाय.”

“कळतं गं. पण राहवत नाही.”

मग तो डोळाही गेला. उरले कोरे कातडे.

त्यानंतर किती हात बदलले, ते आठवण्याचे त्राण माझ्यात नाही. आता लोक काचेवर वाकतात, सोन्याचा वर्ख वाखाणतात आणि म्हणतात, “अरेरे, चेहरा तेवढा बिघडला!” परवा एक गृहस्थ तेथे नवा चेहरा रंगविण्याची भाषा करीत होते. त्यांना कृपया आवरा. त्या जागेवर पुन्हा कोणाला झाकू नका.

आणि मला मिटून ठेवा. मी मिटले, की तो पुसलेला चेहरा समोरच्या मरियामातेच्या मांडीवर टेकतो. त्याला तेथे जरा पडू द्या.