लाभ म्हटल्यावर बोलायचे नाही

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे. निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत तरी मला तसे वाटत होते. आता मी नक्की कोण, हे तुम्हीच ऐकून ठरवा. मला ते नीट ठरवता आलेले नाही.

पायली म्हणजे धान मोजायचे लाकडी माप. माझे लाकूड नाकाडोंगरीकडच्या जंगलातले, बिजाच्या झाडाचे. नत्थू सुताराने ते आतून कोरले आणि तोंडाशी लोखंडी पट्टी ठोकली. मोहाडीजवळच्या एका गावात, तळ्याखालच्या बांध्यांचे, म्हणजे बांध घातलेल्या शेतांचे, धान मोजण्यात माझी उमर गेली. मळणी झाली की खळ्यावर रास पडे. मापणारा चपला लांब काढून राशीपुढे बसे आणि पहिली पायली भरताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे. तिथून रास संपेपर्यंत आकड्यांखेरीज एक शब्द बोलायचा नाही. बोलले तर राशीची बरकत जाते, असे सगळे मानत.

शेजारी मला मागून नेत. माझ्या मालकाच्या, टिकारामच्या घरची पायली खोटी नाही, असे म्हणत. मला बरे वाटे, पण आपण खरेच इतके चांगले आहोत का, अशी शंकाही येई.

पुढे वजनकाटा आला. काही दिवस कोंबड्या माझ्यातून पाणी प्यायल्या. मग टिकारामने मला धुऊन आपल्या पुस्तकांच्या फळीवर ठेवले आणि माझ्यात पेन्सिली घातल्या. त्याला वाचनाचा फार नाद. बोलणे मात्र कमी.

गेल्या हिवाळ्यात गावात एक बातमी आली. आपले राज्य शेतीचे आहे, ते परदेशी पाहुण्यांना दाखवायचे म्हणून नागपूरहून एक बस फिरणार होती. पाहुण्यांना जे गाव आवडेल, तिथे पुढे दर हंगामात लोक मुक्कामाला येणार होते. टिकारामची सून खुशबू हिने लगेच मागच्या दोन खोल्या सारवल्या. तिचा नवरा प्रितम हैदराबादला कामाला होता. पाहुणे येऊ लागले, तर तो घरी परतणार होता. म्हणून तिने यंदाचे धान विकू दिले नाही. अंगणात रास घातली आणि माझ्यातल्या पेन्सिली काढल्या.

"मामाजी, तुम्ही पायली धरून राशीपुढे बसा. फोटो चांगला येते. अन् तळ्याचं, धानाचं सांगा."

"मले कुठं बोलता येते, खुशबू?"

"एवढी पुस्तकं पोटात गेली, थोडंसं तोंडातून निघू द्या."

टिकाराम आठवडाभर आरशासमोर पुटपुटत होता.

बस आली. बसबरोबर मनिष नावाचा मुलगा होता, पाहुण्यांना सगळे समजावून सांगायला. एका उंच पाहुण्याने मला उचलून ढोलकीसारखे वाजवले. मी वाद्य आहे की काय, असे क्षणभर मलाच वाटले. मग टिकाराम बसला, त्याने मला राशीत खुपसले, भरले आणि सवयीने म्हणाला, "लाभ."

आणि त्याचे तोंड मिटले.

"काका, तळ्याचं सांगा ना," मनिष म्हणाला. "पाणी कुठून येते, विचारून राहिले."

"दोन," टिकाराम म्हणाला.

मनिषने पाहुण्यांना काहीतरी सांगितले. कोणीतरी हसले.

"मामाजी, काहून गप बसले? बोला ना," दारातून खुशबूचा आवाज आला. मग तिचा हात एकदम तोंडावर गेला. पायली धरून बोला, असे आपणच सांगितले, हे तिच्या ध्यानात आले असावे.

मित्रांनो, त्या वेळी माझा फार गोंधळ झाला. मी शोभेची वस्तू असेन, तर टिकारामला बोलायला हरकत नव्हती. पण धान खरे होते. मग मी माप होते का? टिकारामलाही हेच कोडे पडले असेल का? त्याने मोजणे मात्र सोडले नाही.

त्याची नजर पुन्हा पुन्हा राशीला टेकलेल्या पाहुण्यांच्या बुटांकडे जाई. सांगता तर येत नव्हते. एका वयस्क पाहुणीने ती नजर पाहिली. तिने आपले बूट काढून तुळशीजवळ ठेवले आणि खाली बसली. मग एकेकाने काढले. मनिषनेही विचारणे सोडले. अंगणात फक्त आकडे आणि धान ओतल्याचा आवाज राहिला.

रास संपली तेव्हा बसचा हॉर्न वाजत होता. टिकारामला आता बोलता आले असते, पण वेळ उरला नव्हता. खळ्यावर आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, म्हणून त्याने प्रत्येकाला ओंजळभर धान दिले. "घ्या," एवढेच म्हणाला. कोणी ते खिशात घातले, कोणी दाताखाली चावून पाहिले. ती वयस्क बाई मात्र भरली ओंजळ सांभाळत, एकही दाणा न सांडता, हळूहळू बसपर्यंत गेली. बस निघाली.

"सारं बोलणं पोटातच राहिलं," टिकाराम म्हणाला.

"राहू द्या, मामाजी. चूक माझीच हाये." खुशबू झाडू घ्यायला वळली आणि थांबली. तुळशीजवळ त्या पाहुणीचे बूट तसेच होते.

तिने मनिषला फोन लावला. तो म्हणाला, "त्यांच्या दोन्ही हातांत धान होतं ना, बूट कशानं उचलणार? म्हणतात, राहू द्या. पावसाळ्यात रोवणीच्या वेळी येऊन नेईन, सोबत आणखी दोघींना आणीन."

खुशबूने दुसरा फोन हैदराबादला लावला. "ऐकलं काय जी? नोकरी सोडू नका आताच. पण रोवणीले सुट्टी घ्या."

बूट कागदात गुंडाळून खालच्या फळीवर ठेवले आहेत. मी वरच्या फळीवर आहे. पेन्सिली परत आल्या, पण तळाशी टिकारामने मूठभर धान राहू दिले आहे. मी माप की पेन्सिलींचे भांडे, अजून कळत नाही. तुमच्याही घरात एखादे जुने माप असेल, मित्रांनो. त्यात काहीही ठेवा, पण त्याला पालथे घालू नका. कोणाला केव्हा ओंजळभर द्यावे लागेल, सांगता येत नाही.