भट्टीवरचा हात

"तीन तास बास की, चाचा. कॉम्प्युटरच सांगतोय," कृष्णात म्हणाला आणि कडेला भोकं असलेला लांबलचक कागद त्यानं मौलाचाचांपुढं धरला.

चाचांनी तो बघितल्यासारखं केलं. शिरोलीच्या या कारखान्यात पंपाच्या मोटरी वार्निशात बुडवून भट्टीत भाजायच्या, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. घड्याळ बघून मोटर कधी काढली नाही. मोटरच्या लोखंडी गाभ्यावर तळहात टेकायचा, हात सांगेल ते खरं. पण गेल्या महिन्यात दोन मोटरी आत कच्च्या राहिल्या आणि जळून परत आल्या. मालक हंबीररावांचं डोकं फिरलं. दोष भट्टीचा की मौलाचा, हे शोधायचं काम त्यांनी गारगोटीहून आलेल्या या नव्या इंजिनियरवर, कृष्णातवर, टाकलं. तीन तासांत गाभा आतवर तापतो असं ठरलं, की भट्टी दमदार म्हणून सुटली आणि मोटरी घाईनं काढल्या म्हणून चाचा अडकले. निवृत्तीला पाच महिने होते. एवढी हाडं झिजवून शेवटाला नाव खराब व्हायचं, याचाच त्यांना शीण आला होता.

"सायेब, तुमी ह्येला सलग लोखंड धरलंय," ते सावकाश म्हणाले. "ही पातळ पत्र्याच्या चकत्यांची चळत हाय. दर चकतीला वार्निश हाय. ऊब चकतीच्या अंगानं पळती, पर एकीतनं दुसरीत जाताना अडती."

कृष्णातनं आपले आकडे पुन्हा काढून बघितले. पोरगं शिकलेलं, पण अंगात मस्ती नव्हती. ऊब किती वेगानं पळते याचा त्यानं खरोखरच सगळ्या दिशांना एकच आकडा दिला होता.

मग चाचांनी सारख्या मापाच्या दोन चळती शेगडीच्या तव्यावर ठेवल्या, एकीच्या चकत्या उभ्या, दुसरीच्या आडव्या, आणि दोन्हींच्या माथ्यावर मेणाचा खडा. हात लावून का बघत नाही, असं कृष्णातनं विचारलंही. चाचा तव्याकडंच बघत राहिले. उभ्या चकत्यांवरचं मेण बघता बघता पाघळलं. आडव्यांवरचं, चहा पिऊन कप विसळून झाले तरी, तसंच. कृष्णातनं घड्याळ लावून सगळं टिपलं आणि कॉम्प्युटरला दोन दिशांचे दोन आकडे दिले. मशीन दुपारभर कुरकुरत होतं. संध्याकाळी नवा कागद निघाला, त्यावर आठ तास.

हंबीररावांनी कागद वाचून चाचांच्या पाठीवर थाप मारली. मौला खरा, आठ तास लागत असतील तर भट्टीच बाद झाली असणार, बदलून टाकू म्हणाले. एवढ्यावर गप्प बसता आलं असतं. कुणी काही विचारणार नव्हतं.

"न्हाय मालक. भट्टी बेस हाय," चाचा म्हणाले. "त्या दोन मोटरी मी सा तासांतच काढल्यात्या. हाताला काय कळंनाच, अदमासानं काढल्या. हात मेलाय माझा, वरीस झालं."

हंबीरराव खाली बघत आपल्या खोलीत गेले. कृष्णातनं कुठली मोटर किती तास ठेवायची त्याचा तक्ता भट्टीच्या बाजूला चिकटवला. एक कोपरा खाली आला होता, तो चाचांनीच नीट केला.

चाचा घरी आले तेव्हा त्यांची बायको रशिदा चुलीपाशी होती. पाठमोरी. चहा या कपातून त्या कपात ओतत होती, पुन्हा पुन्हा, बोट लावून बघत. हाताला चटका कळत नाही हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि वर्षभर चहा कोमटच का लागतो, हे कधी विचारलंही नव्हतं. ते आवाज न करता उंबऱ्यात उभे राहिले, आणि तिचं झाल्यावर आत गेले.