हाताचा गुण

काचेच्या सुईचं टोक सरळ मोडलं तर ती सुई वाया जाते. ते तिरकं मोडावं लागतं, बोरूला काप देतात तसं. काचेची नळी तापवून ताणली की तिचं टोक केसाहून बारीक होतं, पण बंद असतं. ते सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि चिमट्याने टिचवायचं. जरा अलीकडे टिचलं तर भोक मोठं पडतं आणि माशाचं अंडं फुटतं. जरा पलीकडे टिचलं तर आतला द्रव बाहेरच येत नाही. नेमकी जागा कुठली, हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. चिमट्यातून बोटांना एक बारीकसा विरोध जाणवतो आणि तो संपायच्या आत थांबायचं असतं.

ताईला ते जमत होतं.

लॅबमधली मुलं तिला ताई म्हणत, कारण ती सगळ्यांच्या आधीपासून तिथे होती. तिच्या मागून आलेले दोघं पीएचडी घेऊन गेले. त्यातल्या एकाने नोकरी, लग्न, मूल असं सगळं आटोपलं, आणि ताई त्याच खुर्चीवर, त्याच मायक्रोस्कोपला डोळे लावून. खुर्ची कोणी बोटभर वरखाली केली असली तरी तिला बसताक्षणी कळायचं.

सकाळी टाकीवरचे दिवे लागले की माद्या अंडी घालत. अंडं एका पेशीचं असतानाच त्यात एक ठरावीक प्रथिन कमी करणाऱ्या द्रवाचा थेंब सोडायचा; ते दुभंगलं की वेळ गेली. दुसऱ्या दिवशी त्या पारदर्शक जिवाच्या छातीत हृदयाची इवलीशी नळी दिसे. ती डावीकडे सरकायला हवी. काहींची उजवीकडे सरके. असं का होतं, हा त्या लॅबचा प्रश्न होता. खरं म्हणजे बाईंचा प्रश्न होता. बाई म्हणजे ताईच्या गाईड. लॅब त्यांची, अनुदान त्यांचं, आणि उजवीकडे सरकणारी हृदयंही त्यांचीच.

बाईंनी आवाज चढवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्या "नाही" असंही कधी म्हणत नसत. त्या म्हणत, "बघू."

"बाई, मी लिहायला घेऊ का?"

प्रबंध लिहायला घ्यायचा तर गाईडने तसं सांगावं लागतं. कागदावर असा नियम नाही, पण विचारल्याशिवाय कोणी लिहीत नाही आणि लिहिलं तर कोणी वाचत नाही.

"बघू. तेवढी एक प्रयोगांची मालिका होऊन जाऊ दे. तुझ्या हाताला गुण आहे गं. दुसऱ्या कोणाला दिलं की निम्मी अंडी मरतात."

मालिका दुसऱ्याच कोणाची तरी असे. पण ताई खोलीतून बाहेर पडायची ती सुखावून. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला वरून सगळं छान दिसतं. झाडाला खोड नाही, हे त्याला उशिरा कळतं.

त्या दिवशी ती सुई टिचवत असताना पाहुणा येऊन शेजारी उभा राहिला. तो पहिल्यांदा आला होता सुट्टीपुरता, शिकाऊ म्हणून. तेव्हा पडलेलं नाव तो पीएचडीला दाखल झाला तरी पुसलं नव्हतं. पोरगा हुशार होता, बोलका होता, पण हात म्हणजे पानच थरथरत असावं. त्याने सुई उचलली की अंडी भीतीनेच प्राण सोडतात, असं बाकीचे म्हणत. म्हणून त्याची सगळी अंडी ताई टोचून देई.

"ताई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"हातात सुई आहे. जपून सांग."

"बाई म्हणाल्या, लिहायला घे."

ताईचा हात हलला नाही. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. टोक नेमक्या जागी, नेमकं तिरकं मोडलं.

"अरे वा," ती म्हणाली. "पाहुणा निघाला म्हणायचा."

"तुझ्याशिवाय झालंच नसतं गं. आभारांत तुझं नाव सगळ्यात वर टाकणार आहे. बाईंच्याही वर टाकणार होतो."

"मग?"

"मग विचार केला, अजून सही व्हायचीय."

दोघंही हसली. पाहुणा खरोखर हसला.

त्याच्या प्रबंधाचा कणा म्हणजे एक निरीक्षण होतं. तेच प्रथिन कमी केलं, तरी कधी खूप हृदयं उजवीकडे सरकत, कधी जवळजवळ एकही नाही. सगळे डोकं धरून बसले होते. बाईंना वाटे, टोचण्यात चूक होतेय. आपल्या हातावर आळ आला म्हणून ताई डिश कुठे ठेवल्या जातात ते पाहू लागली, आणि तिच्या लक्षात आलं की हृदय उजवीकडे सरकलेली बहुतेक पिल्लं उबवणीपेटीच्या खालच्या कप्प्यातली आहेत. खालचा कप्पा थोडा थंड राहायचा. म्हणजे प्रथिन कमी झाल्याचा परिणाम गारव्यात उघडा पडत होता. हे तिने पाहुण्याला चहा पिता पिता सांगितलं. पुढच्या बैठकीत त्याने ते फळ्यावर आकृती काढून मांडलं.

"याला म्हणतात डोकं," बाई म्हणाल्या होत्या.

ताई तिथेच बसली होती. पाहुण्याने तिच्याकडे बघितलं आणि नजर फळ्याकडे वळवली. आता तो म्हणेल, असं तिला वाटलं. मग वाटलं, बैठक संपल्यावर आपण सांगू. मग वाटलं, आता सांगणं म्हणजे चुगली केल्यासारखं दिसेल. तोवर चहा आला आणि अंडी टोचायची वेळ झाली.

घरी दादाची मुलगी अभ्यासाला बसली होती.

"आत्या, तू कितवीत आहेस?"

"मी पीएचडी करते."

"ते तर तू मागच्या वर्षीपण करत होतीस. नापास झालीस?"

"अगं, मोठ्यांना असं विचारू नये," वहिनी आतून म्हणाली. "मोठे नापास झाले की त्याला संशोधन म्हणतात."

वहिनी मनाने वाईट नव्हती. तिला विनोद सुचला की तो गिळता येत नसे, एवढंच.

आई फोनवर मावशीशी बोलत होती. "नाही गं, अजून व्हायचंय. तिच्या बाईंना फार कौतुक तिचं. सोडवतच नाही त्यांना." फोन ठेवून ती ताईकडे वळली. "मावशी विचारत होती, ती कॉलेजातली नोकरी काय झाली."

"आई, त्या गोष्टीला दोन वर्षं झाली."

"तेच म्हणते मी. आपणहून बोलावलं होतं त्यांनी. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस."

ती नोकरी नाकारायला बाईंनीच सांगितलं होतं. सांगितलं तरी कसं म्हणायचं? त्या म्हणाल्या होत्या, "जा की. पण पदवी हातात घेऊन गेलीस तर मान राहील. आता थोडंच उरलंय." ताईने कॉलेजला नम्रपणे नकार कळवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिवे लागायच्या आधी टाक्यांपाशी हजर होती.

"यंदा होईल का गं?" आईने विचारलं. ती हळू विचारत होती, वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"व्हायलाच हवं. महिनाअखेर नोंदणीची मुदत संपते. ती वाढवायची तर बाईंनी लिहून द्यावं लागतं, की हिचं काम पूर्ण होतंय. नाही दिलं तर नाव कमी होतं."

"नाव कमी होतं म्हणजे?"

"म्हणजे मी तिथे कधी नव्हतेच."

आईने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

पाहुण्याच्या प्रबंधासाठी बाहेरगावचे एक वयस्कर प्राध्यापक परीक्षक म्हणून यायचे होते. त्याआधी ते लॅब बघायला आले. मोठे शांत गृहस्थ. बाई त्यांना टाक्या दाखवत, उबवणीपेटी दाखवत, ताईच्या मायक्रोस्कोपपाशी घेऊन आल्या. ताईचं काम चालू होतं. अंड्यांची रांग लावलेली, सुई आत, थेंब, सुई बाहेर. सुई आत, थेंब, सुई बाहेर. परीक्षक बराच वेळ बघत राहिले.

"इतकी सफाई मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिली नाही," ते म्हणाले.

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे आमचं डोकं," त्या म्हणाल्या, आणि ताईकडे बोट केलं, "आणि हे आमचे हात."

सगळे हसले. ताईसुद्धा हसली, हसू आधी आलं, अर्थ मागून आला.

"आणि तुझा स्वतःचा विषय काय, मुली?" परीक्षकांनी विचारलं.

ताईने तोंड उघडलं.

"तिचं काय, ती सगळ्यांचंच करते," बाई प्रेमाने म्हणाल्या. "चला, तुम्हाला वरची खोली दाखवते."

ते गेले. ताईने समोरची रांग पूर्ण केली, कारण अंडी कोणासाठी थांबत नाहीत. डिशवर तारीख घातली, ती खालच्या कप्प्यात ठेवली, हात धुतले, पुसले. परीक्षक निरोप घेऊन गेल्याचं दिसलं, तशी ती बाईंच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"ये ये. खूश होऊन गेले हं तुझ्यावर," बाई म्हणाल्या.

"बाई, महिनाअखेर माझी मुदत संपतेय."

"हो, लक्षात आहे माझ्या. बघू."

"आज सांगा, बाई."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्या दार लावायला उठल्या, तर ताई म्हणाली, "असू दे उघडं."

बाहेर पाहुण्याच्या टेबलाजवळ कोणीतरी काहीतरी बोलत होतं, ते थांबलं.

"बरं, बस," बाई परत खुर्चीत बसत म्हणाल्या. "खरं तर मी तुला एक चांगली बातमी द्यायची म्हणून थांबले होते. तुझ्यासाठी एक जागा मंजूर करून घेतलीय मी. तंत्रज्ञाची. कायमची जागा, पेन्शनसकट. आजकाल डॉक्टर झालेल्या पोरांना मिळत नाही अशी. किती जणांचे पाय धरलेत मी त्यासाठी, तुला कल्पना नाही."

"आणि पीएचडी?"

"संशोधक विद्यार्थी असताना ती जागा घेता येत नाही. तू नोंदणी मागे घे. घरगुती अडचण म्हणून लिही. कोणी खोलात जात नाही."

"म्हणजे माझं होणार नाही."

"असं मी कुठे म्हटलं?"

"मग होणार?"

"तू एकदम टोकाला का जातेस? मी तुझी सोय बघतेय."

"मी मागे घेणार नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. "नाही म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा. मी माझ्या हाताने लिहून देणार नाही."

ताईने एकदा उघड्या दाराकडे पाहिलं.

"कप्प्यांच्या तापमानाची ती कल्पना माझी होती."

"माहीत आहे मला."

ताईला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"त्या दिवशी फळ्यासमोर तो निम्मा वेळ तुझ्याकडे बघत होता," बाई नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. "चोराच्या मनात चांदणं. आणि तो कप्पे कधी उघडतो? मी वाट पाहिली, तू बोलशील म्हणून. मुद्दाम म्हटलं, याला म्हणतात डोकं. म्हटलं, आता तरी उसळेल. तू उठलीस आणि त्याचीच अंडी टोचायला बसलीस."

"तुम्ही विचारायचं होतं."

"मी का विचारू? स्वतःचं म्हणणं स्वतःचं आहे एवढंही जिला सांगता येत नाही, तिला मी विद्वानांच्या बाजारात कुठल्या तोंडाने उभी करू? तुला तिथे कच्चं खातील. आणि खरंच सांगायचं तर..." बाई किंचित हसल्या, अगदी घरच्यासारख्या. "तू बोलली असतीस, तर अडचण माझीच झाली असती. डोकी दर वर्षी नवी येतात. असा हात मला परत मिळाला नसता."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पाहुणा उठून बाहेर निघून गेला असावा, किंवा जवळ आला असावा. ताईने वळून पाहिलं नाही.

"त्या कॉलेजच्या नोकरीच्या वेळी तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"त्या गोष्टी आता कशाला उकरतेस?"

"ठाऊक होतं का?"

"हो."

"आणि तरी म्हणालात, थोडंच उरलंय."

बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ताईला त्या वयस्कर दिसल्या, आणि त्याचा तिला काहीच उपयोग नव्हता.

"पूर्ण सांगा, बाई," ती म्हणाली. "मोठ्याने सांगा. बाहेरच्यांनाही कळू दे. आणि केव्हा ठरवलंत, तेही सांगा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. बघू म्हणायला आता जागा उरली नव्हती. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि आवाज न चढवता, पण दारापलीकडे स्पष्ट ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"नाही. तुला मी पीएचडी करू देणार नाही. हे मी तू आलीस त्याच वर्षी ठरवलं होतं."